एसीचा फ्लेअर जोड: तांब्याच्या नळीचं तोंड नीट कसं उघडावं

स्प्लिट एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या युनिटमध्ये सोडतो आणि परत येतो. म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडावर "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" असं आपल्याला ऐकावं लागत असेल, तर गॅस कुठून तरी बाहेर जातोय हे नक्की. अशा वेळी सगळ्यात आधी तपासायची जागा म्हणजे तांब्याच्या नळीचे फ्लेअर जोड.

साध्या स्प्लिट एसीत असे चार जोड असतात. दोन घरातल्या युनिटपाशी आणि दोन बाहेरच्या युनिटपाशी. ते करायला वेल्डिंग लागत नाही, रबराचा वायसर लागत नाही. लागते ती स्वच्छता, माप आणि थोडा वेळ. ही कामं कोणत्या क्रमाने होतात आणि कुठे बिघडतात हे आपल्याला माहीत असलं, तर एसी बसवताना आपण शेजारी उभं राहून नीट पाहू शकतो. नवीन शिकणाऱ्या कारागिरालाही हाच क्रम उपयोगी पडेल.

जोड गॅस अडवतो कसा

मऊ तांब्याच्या नळीचं टोक ४५ अंशांच्या उतारात बाहेर उघडतात. नरसाळ्याच्या तोंडासारखा हा जो आकार तयार होतो, त्याला फ्लेअर म्हणतात. युनिटवरच्या पितळी तोटीचं टोकही त्याच उताराचं, पण शंकूसारखं असतं. नळीवरचा पितळी नट आवळला की तांब्याचा उतार पितळेच्या उतारावर दाबला जातो. तांबं मऊ असल्यामुळे ते पितळेवर घट्ट बसतं आणि गॅसची वाट बंद होते.

म्हणजे गॅस अडतो तो या दोन उतारांच्या मध्ये. नटाचे आटे फक्त दाब देतात, गॅस अडवत नाहीत. पाण्याच्या लोखंडी पाइपात आट्यांमधूनच गळती होते, म्हणून प्लंबर तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळतो. तीच सवय इथे आणली तर फायदा काहीच होत नाही. उलट टेपचा तुकडा आत जाऊ शकतो आणि नट खरोखर किती आवळला गेला याचा अंदाज चुकतो. फ्लेअर जोडाला टेप नको, एम-सील नको, कुठलाही चिकट लेपही नको.

दाब किती असतो तेही लक्षात घेऊ. दहा मीटर उंचीवरच्या टाकीमुळे नळाच्या पाण्याला साधारण १ बार दाब मिळतो. आजच्या बऱ्याच एसींमध्ये असलेला आर-३२ हा गॅस ५० अंश सेल्सियसला द्रवरूप होतो तेव्हा त्याचा दाब ३० बारच्या आसपास असतो. जुन्या आर-२२ चा दाब त्याच तापमानाला २० बारपेक्षा थोडा कमी असे. त्यामुळे जुन्या एसीत कसाबसा टिकून राहिलेला जोड नव्या एसीत टिकेलच असं नाही.

नळीचं माप

एसीच्या नळीचं माप बाहेरच्या व्यासावर ठरतं आणि ते इंचात सांगतात. कारागीर बोलताना सुतात सांगतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. तीन सूत ९.५२ मिमी, चार सूत १२.७ मिमी आणि पाच सूत १५.८८ मिमी. दीड टनाच्या एसीला बऱ्याचदा दोन सुताची बारीक नळी द्रव जाण्यासाठी आणि चार सुताची जाड नळी वायू परतण्यासाठी असते.

नळीच्या कडेची जाडीही बघावी. चार सुतापर्यंत साधारण ०.८ मिमी आणि पाच सुताला १ मिमी जाडी उत्पादक सुचवतात. स्वस्तात मिळणारी पातळ नळी उघडताना चिरते किंवा आवळताना दबते. नळी गुंडाळीतली, मऊ केलेली हवी. सरळ कांड्यांमध्ये मिळणारी कडक नळी फ्लेअर करायला गेलं तर तडकते.

लागणारी हत्यारं

चाकाचा पाइप कटर, रीमर, फ्लेअरिंग टूल, दोन पाने आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला थांबण्याची खूण देणारा पाना. शिवाय एसीचं तेल, स्वच्छ कापड आणि मिलिमीटरची पट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर. पुढच्या तपासणीसाठी नायट्रोजनचा सिलिंडर, रेग्युलेटर, व्हॅक्यूम पंप आणि व्हॅक्यूम मोजणारा गेज. कारागिराच्या पिशवीत हे सगळं आहे का, हे काम सुरू होण्याआधीच विचारून घ्यावं.

पहिली पायरी: कापणं

कटर नळीवर काटकोनात बसवून फिरवायचा. प्रत्येक फेरीनंतर मूठ थोडीशीच आवळायची. घाई करून एकदम आवळलं तर नळी चेपते, गोलाई जाते आणि कड आत वळते.

हॅक्सॉने कापायचं नाही. करवतीने कड वेडीवाकडी होते आणि तांब्याचा बारीक कीस नळीत पडतो. हा कीस पुढे गॅसबरोबर फिरतो, कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो किंवा बारीक वाटेत अडकतो.

नळी कापताना थोडी लांब ठेवावी. फ्लेअर बिघडला तर टोक कापून पुन्हा करता आलं पाहिजे. लांबी अगदी नेमकी असली की बिघडलेला फ्लेअर तसाच वापरण्याचा मोह होतो.

दुसरी पायरी: आतली धार काढणं

कटरने कापल्यावर कड थोडी आत वळते. या धारेला कारागीर बर म्हणतात. ती रीमरने हलक्या हाताने काढायची. ती राहिली तर फ्लेअरच्या तोंडाशी दुमडते आणि बसायची जागा खडबडीत होते.

बर काढताना नळीचं तोंड खाली ठेवायचं, म्हणजे कीस बाहेर पडतो. ही साधी गोष्ट फार वेळा राहून जाते, विशेषतः भिंतीतून वर आलेल्या नळीच्या बाबतीत. अशी नळी हळूच वाकवून तोंड खाली करता येतं.

रीमर जास्त फिरवला तर कड पातळ होते आणि उघडताना चिरते. बोटाला धार लागेनाशी झाली की थांबावं. मग टोक स्वच्छ कापडाने पुसावं. नळीत फुंकर मारू नये, श्वासातली ओल आत जाते.

तिसरी पायरी: नट आधी घालणं

फ्लेअर करण्याआधी नट नळीवर चढवायचा, आट्यांचं तोंड नळीच्या टोकाकडे ठेवून. फ्लेअर झाल्यावर नट चढत नाही, कारण तोंड मोठं झालेलं असतं. नट विसरला किंवा उलटा गेला तर केलेला फ्लेअर कापून टाकण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

नट शक्यतो एसीबरोबर आलेलाच वापरावा. आर-२२ च्या काळातला चार आणि पाच सुताचा नट आर-३२ च्या नटापेक्षा लहान असतो. नव्या गॅसच्या चार सुती नटाची षटकोनी रुंदी २६ मिमी, पाच सुतीची २९ मिमी. जुन्यांची अनुक्रमे २४ आणि २७ मिमी. वाढलेल्या दाबासाठी नव्या फ्लेअरचं तोंड मोठं धरलं आहे आणि नटही त्याला जुळणारा केला आहे.

चौथी पायरी: नळी पकडीत धरणं

फ्लेअरिंग टूलमध्ये दोन पट्ट्यांची एक पकड असते. तिला वेगवेगळ्या मापांची भोकं असतात आणि प्रत्येक भोकाची एक बाजू उतरती कापलेली असते. ही उतरती बाजू नळीच्या टोकाकडे आली पाहिजे. पकड उलटी धरली तर उतार मिळतच नाही.

भोक नळीच्या मापाचंच हवं. इंचाची आणि मिलिमीटरची अशा दोन्ही पकडी बाजारात मिळतात. ९.५२ मिमीची नळी १० मिमीच्या भोकात बसल्यासारखी वाटते, पण शंकू खाली येऊ लागला की घसरते. मग फ्लेअर लहान होतो आणि नळीवर ओरखडे उठतात.

नळीचं टोक पकडीच्या वर किती ठेवायचं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आर-३२ किंवा आर-४१०ए साठी बनवलेल्या क्लचच्या टूलमध्ये हे अंतर ० ते ०.५ मिमी असतं. जुन्या साध्या टूलने करायचं तर साधारण १ ते १.५ मिमी. टूलच्या पत्रकात दिलेलं माप पाळावं. टोक जास्त वर राहिलं तर फ्लेअर मोठा होतो आणि नटात अडकतो. कमी राहिलं तर उतार अपुरा पडतो आणि दाब आला की नळी नटातून सुटून येऊ शकते.

पाचवी पायरी: तोंड उघडणं

शंकूवर एसीच्या तेलाचा एक थेंब लावायचा. मग तो नळीच्या बरोबर मध्यावर आणून मूठ सावकाश, एकसारखी फिरवायची. काही टूलमध्ये शंकू मध्यापासून किंचित बाजूला बसवलेला असतो आणि तो फिरत फिरत तांबं दाबतो. त्यामुळे कड सगळीकडे सारखी उघडते. क्लचचं टूल काम पूर्ण झालं की टकटक करून सुटतं. तिथेच थांबायचं.

साध्या टूलमध्ये अशी खूण नसते, त्यामुळे हात जास्त फिरतो. शंकू आणि पकड यांच्यात तांबं पिळलं गेलं की कड कागदासारखी पातळ होते. असा फ्लेअर दिसायला चकचकीत असतो, पण आवळल्यावर चिरतो. तांबं घडवलं की कडक होतं, म्हणून एकदा केलेला फ्लेअर पुन्हा टूलमध्ये घालून 'सुधारू' नये. कापावा आणि नवा करावा.

सहावी पायरी: फ्लेअर तपासणं

नट मागे सरकवून फ्लेअर उजेडात धरावा. आतला उतार गुळगुळीत आणि एकसारखा चमकणारा हवा. चीर, ओरखडा, खड्डा, चिकटलेला कीस यांपैकी काहीही नको. कडेची रुंदी सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद असेल तर कापणं तिरकं झालं आहे किंवा शंकू मध्यावर नव्हता.

मग व्यास मोजावा. नव्या गॅसांसाठी साधारण मापं अशी: दोन सुताला ८.७ ते ९.१ मिमी, तीन सुताला १२.८ ते १३.२, चार सुताला १६.२ ते १६.६ आणि पाच सुताला १९.३ ते १९.७ मिमी. मोजायला काही नसेल तर नट पुढे आणून पाहावा. फ्लेअरने नटाची आतली बैठक जवळजवळ भरली पाहिजे, पण तो आट्यांना घासता कामा नये.

या तपासणीला अर्धं मिनिट पुरतं. पुढे गळती निघाली तर जोडावर गुंडाळलेला फोम सोडवा, गॅस काढा, जोड उघडा, पुन्हा सगळं करा असा अर्धा दिवस जातो.

सातवी पायरी: जोडणं आणि आवळणं

फ्लेअरच्या उतारावर एसीच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. आट्यांना तेल लावू नये. तेलकट आटे सहज सरकतात, तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि पुढे ढिला पडण्याची शक्यताही वाढते. तेलाची बाटली लगेच बंद करावी, कारण नव्या गॅसांबरोबर वापरली जाणारी तेलं हवेतली ओल पटकन शोषतात.

नळी तोटीच्या अगदी सरळ रेषेत धरावी आणि नट बोटांनीच तीन-चार फेऱ्या फिरवावा. तो हलकेच फिरला पाहिजे. अडत असेल तर आटे तिरके बसले आहेत, सोडवून पुन्हा सुरुवात करावी. वाकलेली नळी पान्याच्या जोरावर सरळ करून बसवली तर उतार एका बाजूलाच दाबला जातो. असा जोड पहिल्या दिवशी टिकतो, पण काही महिन्यांनी गळू लागतो.

आता दोन पाने घ्यायचे. एकाने तोटी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने, म्हणजे टॉर्क रेंचने, नट आवळायचा. एकाच पान्याने आवळलं तर आतल्या युनिटची नळी पिळली जाते आणि आत कुठेतरी तडा जाऊ शकतो.

जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. दोन सुताला साधारण १४ ते १८, तीन सुताला ३४ ते ४२, चार सुताला ४९ ते ६१ आणि पाच सुताला ६८ ते ८२. एसीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. अंदाज यावा म्हणून सांगतो: २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला दोन सुताच्या नटासाठी ७ ते ९ किलोच्या भाराइतका जोर पुरतो. चार सुताला मात्र २५ ते ३१ किलोइतका लागतो. म्हणूनच 'हाताच्या अंदाजाने' आवळणाऱ्याकडून बारीक नळी जास्त आवळली जाते आणि जाड नळी कमी.

गळतंय म्हणून आणखी आवळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. जास्त जोराने तांबं पातळ होतं, फ्लेअर मानेपाशी कापला जातो, कधी पितळी नटाला चीर जाते. ठरलेल्या जोरालाही जोड गळत असेल तर दोष फ्लेअरमध्ये किंवा तोटीच्या बैठकीत आहे. तो उघडूनच पाहावा लागतो.

आठवी पायरी: नायट्रोजनने तपासणं

बाहेरच्या युनिटचे व्हॉल्व्ह अजून उघडायचे नाहीत. आधी नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधून टप्प्याटप्प्याने, पुस्तिकेत दिलेल्या दाबापर्यंत भरायचा. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं. बारीक गळतीचा बुडबुडा हळूहळू वाढतो, म्हणून प्रत्येक जोडापाशी थोडं थांबावं.

मग काही वेळ दाब स्थिर राहतो का ते पाहावं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तापमान १० अंशांनी बदललं तर नायट्रोजनचा दाब तीन-साडेतीन टक्क्यांनी बदलतो. सकाळी भरलेला दाब दुपारी थोडा वाढला किंवा संध्याकाळी तेवढाच उतरला तर ती गळती नव्हे.

नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. साधी दाबलेली हवाही नको, तिच्यात ओल असते.

नववी पायरी: व्हॅक्यूम

नायट्रोजन सोडून दिल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. दाब खूप उतरला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर येतं. साधारण ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवण्याची पद्धत आहे. पंप बंद केल्यावर गेजचा काटा किंवा आकडा पुन्हा भराभर वर चढत असेल तर ओल राहिली आहे किंवा गळती आहे.

व्हॅक्यूम टिकला म्हणजे जोड पक्का झाला, असं मात्र नाही. व्हॅक्यूममध्ये जोडावर फार तर १ बारचा फरक पडतो, तोही बाहेरून आत. एसी चालू झाल्यावर त्याच जोडाला कितीतरी पट दाब आतून बाहेर सोसायचा असतो. म्हणून नायट्रोजनची तपासणी वगळता येत नाही.

काही जण पंप न लावता एसीतलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात. त्याने ओल जात नाही. शिवाय आर-३२ जळू शकणारा गॅस आहे आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे. घरात किंवा गॅलरीत तो असा सोडू देऊ नये.

दहावी पायरी: शेवटची कामं

व्हॉल्व्ह उघडून एसी चालवल्यावर जोडांवर पुन्हा एकदा फेस लावून किंवा गॅस शोधणाऱ्या यंत्राने पाहावं. आगीची ज्योत नेऊन गळती शोधायची जुनी पद्धत आर-३२ ला चालत नाही. व्हॉल्व्हची झाकणं घट्ट बसवावीत, तीही गॅस अडवायला मदत करतात.

सगळं ठीक असल्याची खात्री झाल्यावरच जोडांवर फोम चढवावा. आधी फोम गुंडाळला तर गळती दिसणार कशी? बाहेरच्या युनिटपाशी नळीला सौम्य वळण देऊन ती आधाराला बांधावी, म्हणजे कॉम्प्रेसरची थरथर जोडावर येत नाही. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळच्या घरांत फोमची टोकं नीट बंद करावीत, म्हणजे खारी ओल पितळी नटावर साचून राहत नाही.

एसी हलवताना

घर बदलताना जुनी नळी सोबत नेली तर जुने फ्लेअर पुन्हा वापरू नयेत. एकदा दाबला गेलेला उतार कडक झालेला असतो आणि त्यावर जुन्या बैठकीची खूण असते. नव्या जागी तो तसाच बरोबर बसत नाही. टोक कापून नवा फ्लेअर करावा. आर-३२ च्या एसींच्या पुस्तिकांत घरातल्या जोडाबद्दल ही सूचना बहुधा स्पष्ट लिहिलेली असते.

आपल्याला स्वतः हात लावून शिकायचं असेल तर नळीच्या उरलेल्या तुकड्यावर शिकावं. कापणं, बर काढणं आणि तोंड उघडणं यांत धोका नाही. पण गॅस भरलेलं यंत्र उघडणं हे प्रशिक्षित माणसाचंच काम आहे.

एप्रिल-मे महिन्यांत एका कारागिराला दिवसभरात कितीतरी घरं गाठायची असतात. अशा घाईत सगळ्यात आधी रीमर, टॉर्क रेंच आणि नायट्रोजन गाळले जातात. म्हणून एसी बसवून घेण्याचं उन्हाळ्याआधीच ठरवावं. कामाला पुरेसा वेळ द्यावा आणि नायट्रोजनच्या तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर ते घासाघीस न करता द्यावेत. जो कारागीर बिघडलेला फ्लेअर स्वतःहून कापून नवा करतो, त्याचा नंबर जपून ठेवावा आणि पुढच्या वेळी त्यालाच बोलवावं.